लुसैलच्या हॉलमध्ये आपली मुलं

कतार मास्टर्स ही बुद्धिबळाची खुली स्पर्धा २०१४ आणि २०१५ साली झाली आणि मग बंदच पडली. पहिल्या वर्षी चीनचा यू यांगयी जिंकला, दुसऱ्या वर्षी मॅग्नस कार्लसन. मी नोकरीसाठी दोह्याला आले ती त्यानंतर. त्यामुळे आपण राहतो त्या गावात एवढं मोठं बुद्धिबळ होऊन गेलंय, हे मी नुसतं ऐकून होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, ११ ते २० तारखेला, ती स्पर्धा पुन्हा भरणार असं कळलं आणि मी खेळाडूंची यादी उघडून बसले. वरच्या ओळींत कार्लसन, नाकामुरा, गिरी. पण माझी नजर नावाशेजारच्या तिरंग्यावर होती. गुकेश, अर्जुन एरिगैसी, नारायणन, कार्तिकेयन मुरली, वैशाली; आणि त्यांच्या खाली, पार तळापर्यंत, ज्यांचं नाव अजून कुठल्या वर्तमानपत्रात आलेलं नाही अशी मुलं. इतके तिरंगे मी एका यादीत कधी पाहिले नव्हते.

मी सांगलीची. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांत शाळेत असताना खेळलेली. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आमच्या गावाला या खेळाचं जे वेड लावलं, त्या वेडात वाढलेल्या पिढ्यांपैकी मी एक. स्वाती घाटे आमच्याच गावची. तिचं नाव पेपरात आलं की घरात मोठ्यानं वाचून दाखवायचे. पुढं माझा खेळ सुटला, डाव बघणं मात्र सुटलं नाही. आता ही सगळी मंडळी माझ्या घरापासून मेट्रोच्या अंतरावर येणार होती. नवऱ्याला सांगून टाकलं, की हे दहा दिवस संध्याकाळचा स्वयंपाक तुझ्याकडे.

स्पर्धा दोह्याला लागून असलेल्या लुसैलमध्ये. तिथलं क्रीडागृह २०१५ च्या हँडबॉल विश्वचषकासाठी बांधलेलं. आत शिरल्यावर आधी जाणवते ती थंडी. ऑक्टोबरमध्येही बाहेर अंग भाजतं आणि आत स्वेटर लागतो. अनुभवी खेळाडूंनी जाकिटं आणली होती. पहिल्यांदा आलेली मुलं हात बगलेत घालून बसलेली. मग जाणवते शांतता. शेकडो माणसं एका छताखाली आणि ऐकू येतं ते फक्त घड्याळांवरच्या बटणांचं टकटक आणि कुठंतरी खुर्ची सरकल्याचा आवाज.

अशी स्पर्धा कशी बघायची हे क्रिकेट बघणाऱ्याला समजावून सांगणं अवघड जातं. स्पर्धा चालू असतानाच, शनिवारी १४ तारखेला, अहमदाबादला भारत-पाकिस्तान विश्वचषकाचा सामना होता. ऑफिसातली सगळी मंडळी एका मित्राकडे जमली होती. तिथं बघायला एकच चेंडू असतो. इथं एकाच वेळी डझनावारी पट चालू, प्रत्येकावर वेगळी लढाई, आणि कुठल्या पटावर पुढच्या पाच मिनिटांत काही घडेल हे कुणीच सांगू शकत नाही. शिवाय पद्धत स्विस. कुणी बाद होत नाही. नऊ फेऱ्या; प्रत्येक फेरीत साधारण सारखेच गुण असलेले दोघं समोरासमोर येतात. जिंकलात की वरच्या पटावर, हरलात की खाली. म्हणजे आपला खेळाडू आज कुठं बसलाय, यावरूनच त्याची स्पर्धा कशी चाललीय ते कळतं. रात्री उशिरा पुढच्या फेरीच्या जोड्या लागायच्या आणि त्या लागल्याशिवाय मला झोप यायची नाही.

पहिल्या दिवशी मीही सगळ्यांसारखी वरच्या पटांपाशी गर्दीत उभी राहिले. कार्लसनला दहा फुटांवरून बघणं ही साधी गोष्ट नाही. पण अर्ध्या तासानं लक्षात आलं, की इथं उभं राहून डाव कळतच नाही. माणसांच्या खांद्यांमधून पट तिरका दिसतो, आणि हे पहिले डाव तर पडद्यावर आणि फोनवरही दिसत होते. जे फोनवर कुठंच दिसत नाही ते मागच्या रांगांमध्ये होतं. तिथं प्रेक्षक जवळजवळ नव्हते. दोरीच्या पलीकडे हाताच्या अंतरावर पट, आणि त्यावर वाकलेली आपली मुलं. मी तिकडे गेले आणि उरलेली स्पर्धा बहुतेक तिकडेच पाहिली.

तिथं काय बघायचं? आधी घड्याळ. कुणाकडे किती वेळ उरलाय हे पटावरच्या मोहऱ्यांइतकंच महत्त्वाचं. मग चाली लिहायचा कागद. बेचाळिसाव्या चालीवर अक्षर सुबक असेल तर मुलगा शांत आहे. अक्षर ओळ सोडून खाली उतरायला लागलं की समजायचं, आत काहीतरी चाललंय. आणि डाव संपला की दोन्ही राजे. निकाल लागल्यावर राजे पटाच्या मधोमध उभे करतात. दोन्ही पांढऱ्या घरांत असतील तर पांढरा जिंकला, काळ्या घरांत असतील तर काळा. लांबून चालत येताना नुसते राजे बघून मला कळायचं की आपल्या पोराचं काय झालं, आणि प्रत्येक वेळी ते शेवटचं पाऊल टाकताना पोटात गोळा यायचा.

दुसऱ्या फेरीत कार्लसन हरला. कझाकस्तानचा अलिशेर सुलेमेनोव, रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) २५०० च्या आसपास, त्यानं त्याला स्वच्छ डावात हरवलं. त्यानंतर जे झालं ते सगळ्या जगानं वाचलं: प्रतिस्पर्ध्याच्या मनगटावरचं घड्याळ पाहून आपलं लक्ष उडालं असं कार्लसननं लिहिलं, प्रेक्षक फोन घेऊन हॉलभर हिंडतात, प्रक्षेपण जसंच्या तसं लगेच जातं, अशी तक्रारही केली. आपण सुलेमेनोववर फसवणुकीचा आरोप करत नाही, हेही त्यानंच लिहिलं. नियमांबद्दल तो चुकीचं बोलला नाही असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण त्या कझाक मुलाच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर डाव मनगटी घड्याळाच्या गोष्टीखाली झाकला गेला, याचं वाईट वाटतं. पुढच्या फेरीपासून नियम कडक झाले. खेळाडूंची घड्याळं गेली, आमचे फोन दाराशी जमा व्हायला लागले, आणि डावांचं प्रक्षेपण काही मिनिटं उशिरा जाऊ लागलं.

फोन हातात नसणं हे माझ्या दृष्टीनं उत्तमच झालं. फोन असला की माणूस पटाकडे बघतच नाही. इंजिन, म्हणजे डाव जोखणारा संगणक, काय आकडा दाखवतंय ते बघतो आणि तेवढ्यावरून ‘अरे, हरतोय’ म्हणून मोकळा होतो. फोन गेल्यावर मला स्वतः विचार करावा लागला: हा उंट चांगला की तो घोडा, हे प्यादं पुढं जाईल का अडकेल. कितीतरी वर्षांनी मी कुणाचाही डाव असा तासभर सलग पाहिला.

आईवडील मात्र बाहेर असायचे. हॉलबाहेरच्या मोकळ्या जागेत, भिंतीला टेकून, चार्जरच्या आसपास. तिथं तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी, आणि चौथ्या दिवशी कानावर आलं, “अगं, जेवलीस का तू?” मी वळलेच. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावाहून आलेली आई, फोनवर धाकटीशी बोलत होती. मोठा मुलगा आत खेळत होता. नाव आणि गाव लिहीत नाही, मुलगा लहान आहे. दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला, मी डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याच्या वड्या काढल्या. “ताई, मला वाटलं इथं उपासाचं काहीच मिळायचं नाही, म्हणून नऊ दिवसांचं बरोबर घेऊन आले.” त्यानंतर रोज संध्याकाळी डाव संपेपर्यंत आमची बैठक तिथं.

त्यांच्याकडून मला जे कळलं ते कुठल्याही स्पर्धेच्या वृत्तांतात सापडणार नाही. मुलगा आंतरराष्ट्रीय मास्टरच्या नॉर्मच्या मागे होता. ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. नॉर्म म्हणजे नऊ डावांत २६०० च्या दर्जाची कामगिरी. त्याच्या खालच्या पायरीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय मास्टरला, २४५० ची कामगिरी आणि २४०० रेटिंग. प्रतिस्पर्ध्यांत ठरावीक संख्येनं किताबधारी हवेत, ते वेगवेगळ्या देशांचे हवेत, असे आणखी नियम आहेतच. ही सगळी आकडेमोड त्या माउलीला तोंडपाठ. स्वतः कधी प्यादं हलवलेलं नाही, पण “उद्या समोर २५२० आला तर बरोबरीत भागेल, २३९० आला तर जिंकायलाच लागेल” हे ती एका दमात सांगायची.

आणि तिची खरी काळजी काय, तर समोर आपल्याच देशाचा मुलगा येऊ नये. स्विस पद्धतीत गुण बघतात, देश बघत नाहीत. भारताची एवढी मुलं खेळत असताना भारतीयासमोर भारतीय येणारच. “तिकीट, व्हिसा, हॉटेल, सगळं करून इतक्या लांब यायचं, आणि समोर बसतो तो गेल्या महिन्यात घरी जेवून गेलेला मित्र,” ती म्हणाली. तसं झालंही. पाचव्या की सहाव्या फेरीत दोन्ही आया एकाच बाकावर बसल्या होत्या, दोन्ही मुलं आत एकमेकांविरुद्ध. दोघीही एकमेकींच्या मुलाबद्दल चांगलं बोलत होत्या आणि दोघींचंही लक्ष दारावर. मी आत जाऊन पाहून येत होते आणि बाहेर आल्यावर दोघींकडे बघून सारखंच सांगत होते, “चालू आहे अजून.” तो डाव बरोबरीत सुटला. मला मनापासून हायसं वाटलं.

आपल्या देशाच्या खेळाडूंना पाठिंबा द्यायचा म्हणून मी रोज जात होते, आणि निम्म्या वेळा दोन्ही बाजूंना आपलेच. अशा पटापाशी उभं राहून कोण जिंकावं हे ठरवताच येत नाही. मग मी चांगल्या चालीची वाट बघायला लागले.

सातव्या फेरीला ऑफिसातून थेट गेले. पोचले तेव्हा वरच्या एका पटाभोवती नेहमीपेक्षा दाट गर्दी होती. कार्लसनसमोर कार्तिकेयन मुरली. तंजावरकडचा हा खेळाडू दोनदा राष्ट्रीय विजेता झालेला, पण गुकेश-प्रज्ञानंदच्या गदारोळात त्याचं नाव घराघरांत गेलेलं नाही. तो हलतच नव्हता. कोपरं टेबलावर, हनुवटी मुठींवर, नजर पटावर. कार्लसन मात्र खुर्चीत सारखा बसण्याची तऱ्हा बदलत होता. कार्लसनचे डाव आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला त्या हालचालीवरून कळतं की तो खूश नाही. मी टाचा उंचावून पट वाचायचा प्रयत्न केला, तोवर हस्तांदोलन झालं. कार्लसन उठला, सही केली आणि निघून गेला. कार्तिकेयन बसूनच होता. त्यानं चालींचा कागद सरळ केला, पेन त्याच्यावर ठेवलं, आणि मग पहिल्यांदा मान वर केली. आनंद आणि हरिकृष्ण यांच्यानंतर क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेच्या डावात कार्लसनला हरवणारा तो तिसरा भारतीय.

टाळ्या वाजवायची सोय नसते. बाकीचे डाव चालू असतात. मी जवळजवळ धावतच बाहेर आले. बाहेर सगळे आपापल्या फोनवर तोच डाव बघत होते, पण काही मिनिटं मागचा. एक तमिळ काका शेजाऱ्याला हातवारे करून सांगत होते की मुरलीनं आता घाई करू नये. त्यांच्या पडद्यावर अजून कार्लसन विचार करत होता. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि काही बोलले नाही. तो क्षण त्यांचा त्यांना मिळायला हवा असं वाटलं. थोड्या वेळानं पडद्यावर निकाल उमटला आणि काका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले, आणि मला, अनोळखी बाईला, दोन्ही हात जोडून म्हणाले, “जीत गया हमारा बच्चा.” डोळ्यांत पाणी. माझ्याही.

आमच्या त्या नॉर्मवाल्या मुलाचा खरा डाव आठव्या फेरीत झाला. त्या संध्याकाळी पुण्यात भारत-बांगलादेश सामना होता, कोहलीचं शतक झालं, ते मला रात्री कळलं. मुलासमोर पन्नाशीचे एक युरोपियन ग्रँडमास्टर. पटावर राजांखेरीज फक्त हत्ती आणि प्यादी उरली होती, मुलाकडे एक प्यादं कमी. शेवटी बाकीची प्यादी झडली आणि राहिलं ते एवढंच: त्यांचा राजा, हत्ती आणि एक प्यादं, याचा राजा आणि हत्ती. पुस्तकात हे बरोबरीचं आहे. बचाव करणाऱ्यानं राजा प्याद्याच्या वाटेत ठेवायचा, हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या ओळीवर धरून शत्रूच्या राजाला पुढं येऊ द्यायचं नाही, आणि प्यादं त्या ओळीवर सरकलं की लगेच हत्ती पार टोकाला नेऊन मागून शह देत राहायचा. सांगलीत आम्हाला हे पाठ करून घेतलं होतं. पण चार तास खेळल्यावर, घड्याळात एक-दीड मिनिट उरलेलं असताना, ते आठवणं वेगळं.

तो हत्ती तिसऱ्या ओळीवर इकडून तिकडं, तिकडून इकडं. समोरचे आजोबा शांतपणे वाट बघत होते. मग त्यांनी प्यादं पुढं सरकवलं. मुलाचा हात लगेच उठला, हवेत थांबला, परत खाली गेला. तळहात त्यानं पँटला पुसला. घड्याळात सेकंद उतरत होते. मी श्वास धरून उभी. मग त्यानं हत्ती उचलला आणि थेट शेवटच्या ओळीवर नेऊन ठेवला, अगदी घराच्या मधोमध. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, किंचित हसले, आणखी काही शह घेतले आणि हात पुढं केला. बरोबरी. नंतर दोघं बराच वेळ बोटांनी चाली दाखवत बसले होते; एकमेकांची भाषा येत नसतानाही.

नॉर्मसाठी शेवटच्या फेरीत जिंकणं भाग होतं. ती फेरी शुक्रवारी, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस, त्यामुळे मी लेकीलाही घेऊन गेले. तो जिंकण्यासाठी खेळला, जोर लावून खेळला, पण समोरचा सुटला आणि डाव बरोबरीत गेला. अर्ध्या गुणानं नॉर्म हुकला. बाहेर आल्यावर आईनं पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “खाल्लंस का काही?” त्याला माझ्या लेकीनं चॉकलेट दिलं. तो तिला म्हणाला, “तू खेळतेस का?” आणि पुढचा अर्धा तास दोघं बाहेरच्या टेबलावर भुर्रकन डाव खेळत होते. हरलेपण तेवढ्यात कुठंतरी मागं पडलं असावं.

स्पर्धा उझबेकांनी जिंकली. नोदिरबेक याकुब्बोएव आणि नोदिरबेक अब्दुसत्तोरोव दोघांचे नऊ पैकी सात गुण, आणि बरोबरी फोडण्याच्या टायब्रेकमध्ये याकुब्बोएव वरचढ ठरला. आपल्याकडून कुणी पहिलं आलं नाही याचं वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही. २०२२ मध्ये चेन्नईत, आपल्या अंगणात, बुद्धिबळ ऑलिंपियाडचं सुवर्ण याच उझबेक मुलांनी नेलं होतं. आपल्यासाठी सर्वांत मोठी बातमी खालच्या पटांवरून आली: वैशालीचा तिसरा आणि शेवटचा ग्रँडमास्टर नॉर्म इथंच पूर्ण झाला. पहिल्या पटाकडे नजर लावून बसलेल्या कितीतरी जणांना ते दुसऱ्या दिवशी वाचून कळलं.

पाच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, आइल ऑफ मॅनवर ग्रँड स्विस सुरू झाली. ती खुली स्पर्धा नव्हे, पात्र ठरलेल्यांची. पण पद्धत तीच, अकरा फेऱ्यांची. ती मी दोह्यातूनच, ऑफिस संपल्यावर फोनवर पाहिली. नाशिकचा विदित गुजराथी पहिल्याच फेरीत हरला. मला तेव्हा त्या मुलाची आई आठवली. तिनं लगेच हिशेब मांडला असता, की स्विसमध्ये पहिल्या फेरीची हार सगळ्यात स्वस्त, पुढं सगळं उरलेलं असतं. विदितनं पुढच्या दहा डावांत साडेआठ गुण केले आणि स्पर्धा जिंकला. महिलांत वैशाली, तीही साडेआठ गुणांनी. दोघंही कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला, पात्र. डिसेंबरच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एका खुल्या स्पर्धेत वैशालीनं २५०० ओलांडलं आणि ती ग्रँडमास्टर झाली, हंपी आणि हरिका यांच्यानंतरची तिसरी भारतीय महिला.

त्याच आठवड्यात त्या आईचा मेसेज आला. वैशालीबद्दल आनंद होताच, पण मुद्दा दुसरा होता. मुलाला पुढच्या वर्षी आखातातली आणखी एक खुली स्पर्धा खेळायची होती, आणि तिला विचारायचं होतं की हॉटेलच्या खोलीत कुकर चालतो का. मी लिहिलं, स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्या, आणि शक्य झालं तर पहिल्या फेरीच्या दोन रात्री आधी या, त्याची झोप पूर्ण होईल. तारखा मी माझ्या कॅलेंडरवरही लिहून ठेवल्या, आणि रजेचा अर्ज दिला.